साखर चालायची

आमचं स्टेशन उदगीरच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि त्यातल्या काहींची नातवंडं माझ्या हाताखाली शिकून गेलीत. गाडी तिथं थांबायची ती घोटभर पाणी प्यायला थांबल्यासारखी, आणि लगेच निघायची. स्टेशनामागं क्वार्टरांची एक रांग होती. सगळ्या घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या, सगळ्यांना एकच फिकट पिवळा रंग, आणि रांगेच्या मधोमध सगळ्यांचा मिळून एक नळ. आमचं घर टोकाला. त्याच्यापुढं तारेचं कुंपण, आणि तारेपलीकडं उदगीरच्या बाजारातून निघालेल्या धान्याच्या मालगाड्या सिग्नलची वाट बघत उभ्या राहायच्या. वारा आमच्या दिशेला असला की घरात तुरीचा भुसा यायचा. आई भाकरी थापताना परातीवर पाठीचा आडोसा करून बसायची, तरी भाकरीत कुठंतरी भुशाची काडी निघायचीच. मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे डबे, एकमेकींवर आदळल्या की भांड्यांच्या फळीवरचे पेले किणकिणायचे. त्या आवाजाची मला इतकी सवय होती, की पुढं नांदेडला हॉस्टेलवर राहायला गेले तेव्हा पहिले काही दिवस मला शांततेनंच जाग यायची.

माझ्या वडलांना आम्ही दादा म्हणायचो. ते पॉइंटमन होते. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची तो सांधा बदलायचा, हिरवा-तांबडा झेंडा धरायचा, कंदिलाच्या काचा पुसायच्या, ही त्यांची कामं. घरी आले की राखेनं हात घासायचे, कारण हाताला वंगण असायचं, आणि मग चुलीपाशी बसून गरम भाकरी आणि ठेचा खायचे. बोलायचे फार कमी. तिकीटबाबू त्यांच्यापेक्षा वयानं बरेच लहान, तरी त्यांना हाक मारायचे ती "अरे किसन" अशी, आणि दादा "जी साहेब" म्हणून उठायचे. आईचं अगदी उलटं. आई, गयाबाई तिचं नाव, बोलायला लागली की नळावरच्या बायका घागर भरून झाली तरी थांबायच्या. धाकटी बहीण छबू आईवर गेली होती. मी दादांवर गेले असं सगळे म्हणायचे, आणि बरीच वर्षं ते खरं होतं.

घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि तिच्याशिवाय दुसरा देव नव्हता. आजोबांनी धम्म घेतला त्या वर्षी घरातले टाक, देव्हारा, सगळं ओढ्यात सोडून दिलं होतं. तेव्हापासून दिवाळीत आमच्याकडं काही तळलं जात नव्हतं. जयंतीला गोड असायचं, बुद्धपौर्णिमेला खीर असायची, दसऱ्याला आम्ही सगळे पांढरे कपडे घालून उदगीरच्या विहारात जायचो. पण दिवाळीत नाही. मोठ्या माणसांना ते सोपं असेल. लेकरांचं तसं नसतं. शाळेला सुट्टी लागलेली असायची, आणि सगळ्या रांगेतून चकलीचा, शेवेचा, करंजीच्या सारणाचा वास येत असायचा. भिंतीला भिंत लागून असली की वासाला कुणाचं घर ते कळत नाही. छबू भिंतीला नाक लावून सांगायची, "आज अनारसे हायेत."

शेजारचं घर तिकीटबाबूंचं. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू वाईट होत्या असं मी आजही म्हणणार नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा त्यांनी रोज दुपारी मऊ भात पाठवला होता. त्यांच्या लेकीबरोबर, सुनंदाबरोबर, बसून मी त्यांच्याकडूनच भरतकाम शिकले, त्या दोघी त्यांच्या वट्ट्यावर आणि मी खाली पायरीवर. दर दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं ताट यायचं, वर क्रोशाचा रुमाल. ताट रिकामं परत करू नये ही रीत सगळ्यांनाच माहीत, म्हणून आई त्यात मूठभर साखर घालायची. बाकी काही नाही, साखर. मी लहान असताना एकदा विचारलं, की आपण साखरच का देतो, आपल्या खिरीतली वाटीभर खीर का देत नाही? आई चुलीत फुंकत होती. तिनं वर न बघता सांगितलं, "साखर चालते."

"आन् खीर?"

"खिरीला हात लागतो, बाई."

पुढं एका जयंतीला माझ्या हट्टापायी आईनं काकूंकडं गुळाच्या पुऱ्या पाठवल्या. काकूंनी हसत घेतल्या. संध्याकाळी सुनंदाला बोलवायला मी त्यांच्या मागच्या दारी गेले तर त्या पुऱ्या म्हशीच्या गव्हाणीत होत्या. म्हैस एक-एक उचलून खात होती. मी आईला सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "म्हशीला तरी गोड लागल्या ना," आणि पुढच्या दिवाळीला परत साखर. मला तिचा राग आला होता. आता माझंही वय झालंय, आणि तो राग कुणावर करायला हवा होता ते कळतं. पण त्या वयात जो समोर दिसतो त्याचाच राग येतो.

बारावीनंतर सुनंदाचं लग्न ठरलं आणि मी नांदेडला गृहविज्ञान शिकायला गेले. दादांना गृहविज्ञान म्हणजे काय ते नीट कळलं नव्हतं. "सैपाक तर घरीच शिकती की पोरगी," असं ते सिग्नलच्या केबिनीतल्या माणसाला सांगत होते, पण यष्टीत बसवायला आले तेव्हा माझी ट्रंक त्यांनी स्वतः टपावर चढवली आणि गाडी निघेपर्यंत तिथंच उभे राहिले. झेंडा नव्हता, तरी हात मात्र झेंडा धरल्यासारखाच वर केला.

दुसऱ्या वर्षी पाककलेच्या तासाला मॅडमनी मार्शमेलो करायला शिकवलं. त्या तेव्हाच कुठूनतरी बाहेरून शिकून आल्या होत्या आणि आम्हाला जगातलं सगळं खायला घालायचा त्यांचा चंग होता. जिलेटीनची पावडर गार पाण्यात भिजवायची, ती फुगून लापशीसारखी होते. साखरेचा पाक करायचा, गोळीबंद. पाण्यात टाकलेला थेंब बोटात धरला तर त्याची मऊ गोळी व्हायला हवी. तो उकळता पाक जिलेटीनवर ओतायचा आणि घुसळायचं. घुसळत राहायचं. आधी ते गढूळ पाण्यासारखं दिसतं, मग दुधासारखं होतं, मग साय जमते, आणि हात दुखून आता सोडून द्यावं असं वाटतं त्याच वेळी ते एकाएकी फुगून भांड्याच्या काठाला येतं. पांढरं, चकचकीत, रवी उचलली तर लांब रिबिनीसारखं खाली येणारं. पिठीसाखर भुरभुरलेल्या ताटात थापायचं, घट्ट झालं की वड्या पाडायच्या. मी पहिली वडी तोंडात घातली आणि डोळे मिटले. कापूस गोड असता तर तो खाल्ल्यासारखं वाटलं. मला लगेच छबू आठवली, भिंतीला नाक लावून उभी असलेली.

दिवाळीच्या सुट्टीत घरी येताना मी ट्रंकेत जिलेटीनची पुडी आणली. पहिल्याच दुपारी आईला म्हणाले, मला गोड करायचंय. आईनं माझ्याकडं टक लावून बघितलं.

"दिवाळीचं?"

"दिवाळी त्यांची, आई. सुट्टी तर आपली हाय."

आई हसली. ती हसली की तिचा एक सोन्याचा दात दिसायचा, तो दिसला म्हणजे परवानगी मिळाली. ताकाची रवी गरम पाण्यानं धुऊन आणली, उंच गंजात मिश्रण घेतलं, आणि दोरी लावून आम्ही तिघी पाळीपाळीनं घुसळायला लागलो. छबू दमली की मी, मी दमले की आई. आईच्या हाताला जोर होता. तिच्या हाती रवी गेली आणि बघता बघता गंज पांढऱ्या फेसानं भरून आला. "अगं माय, हे तर उतू चाललं!" आई ओरडली आणि आम्ही तिघी हसत सुटलो. परातीत ओतलं, थापलं, फडक्यानं झाकलं. संध्याकाळी वड्या पाडल्या. आईनं एक वडी बोटात दाबून बघितली, ती परत फुगली, परत दाबली, परत फुगली. तिनं त्याला लगेच नाव देऊन टाकलं, कापूसवडी. आमच्या घरात आजही तेच नाव चालतं. माझी नात मोबाईलवर त्याचे व्हिडिओ बघते आणि मला इंग्रजी नाव म्हणायला लावते. मी म्हणते. पण वडी खाताना तीही कापूसवडीच मागते.

खाऊन झाल्यावर आईनं विचारलं, "पण हे बांधून कशानं ऱ्हायलंय?" मी खरं ते सांगितलं. जिलेटीन हाडांपासून करतात, जनावरांच्या. आईला त्याचं काही नव्हतं, आमच्याकडं मटण शिजायचं. तिनं दुसरी वडी तोंडात टाकली. मग मी माझ्या मनातलं बोलले. नांदेडहून निघाल्यापासून ते माझ्या डोक्यात होतं. म्हणाले, या खेपेला काकूंचं ताट आलं की साखर नको. त्यात हे घालू.

आई चावायची थांबली. "न्हाई."

"घाबरतेस?"

"मी कुणाला घाबरते ग? पण त्यांच्यात अंडंसुद्धा शिवत न्हाईत. हाडाचं त्यांच्या पोटात घालायचं, न सांगता? ते पाप हाय. माणूस काय खातो न खातो ते त्याचं. आपण त्याला हात लावायचा न्हाई." मग थोडं थांबून म्हणाली, "हाडं काढ यातनं. हाडं काढून करता येत असंल तर कर. मग मी बघते कोण काय म्हणतंय ते."

आईचं ते बोलणं मी पुढं आयुष्यभर वापरलं. जे ते खात नाहीत ते त्यांना खाऊ घालायचं नाही. पण आमच्या हाताचं म्हणून खात नाहीत, त्याला मान द्यायचा नाही. या दोन्हींत फरक आहे, आणि तो फरक माझ्या आईला चौथीपर्यंतच्या शाळेत कुणी शिकवला नव्हता.

चायना ग्रासचे धागे उदगीरच्या किराणा दुकानात मिळायचे, लोक त्याची जेली करायचे. ते समुद्रातल्या शेवाळाचं असतं. पहिला गंज बिघडला, कितीही घुसळलं तरी फुगेना, परातीत नुसती गढूळ जेली जमली. छबूनं तीही खाल्ली. दुसऱ्या वेळी मला मॅडमचं एक वाक्य आठवलं, की फेस धरायला दुधातलं काहीतरी लागतं, म्हणून मी दूध पावडर भिजवून त्यात घातली आणि मिश्रण कोमट होईपर्यंत न थांबता घुसळलं. हा फेस जिलेटीनइतका फुगला नाही, पण टिकला. वडी रबरासारखी लवत नव्हती, थोडी ठिसूळ होती, जिभेवर ठेवली की विरून जायची. मला तर ती पहिलीपेक्षा जास्त आवडली. ही रीत कुठल्या पुस्तकातली नव्हती. ती आमच्या चुलीपाशी झाली.

नरकचतुर्दशीला काकूंचं ताट आलं. घेऊन सुनंदाच आली होती. तिचा पहिला दिवाळसण, अंगावर नवीन लुगडं, हातभर हिरवा चुडा. दारातच उभी राहून आम्ही दोघी बोललो. आईनं ताट आत नेलं, फराळ काढून घेतला, ताट पुसलं, आणि त्यात कापूसवड्या मांडल्या. साखरेचा डबा फळीवर तसाच होता. क्रोशाचा रुमाल वर घालून तिनं ताट सुनंदाच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू स्वतः आल्या. त्या आमच्या घरी कधी येत नसत, आल्या तरी पायरीच्या खाली उभ्या राहून बोलत. त्या दिवशीही तशाच उभ्या राहिल्या, पण चेहरा खुललेला. नळावर बायका होत्या. काकू मोठ्यानं म्हणाल्या, "गयाबाई, अहो काय पाठवलंत हो ते! तोंडात टाकलं की नाहीसंच. आमच्या ह्यांनी सगळं संपवलं. नांदेडला कुठल्या दुकानात मिळतं, पंचे? भाऊबीजेला जावई यायलेत. कुणी येणारं-जाणारं असेल तर दोन डबे मागवून दे ना."

माझं नाव पंचशीला, पण सगळे पंचीच म्हणायचे. मी दारात उभी होते, मागं आई. मला अजून आठवतं, की मालगाडी सुटायच्या बेतात होती आणि तिच्या वाघिणी एकामागून एक ताणल्या जाण्याचा आवाज येत होता. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. दुकानाचं एक नाव सांगितलं असतं तर काकू खूश, आई सुटली असती, दादांच्या नोकरीत कुणाचा रोष नाही. मी मागं बघितलं नाही. आई काय म्हणते त्याची वाट बघितली नाही.

"दुकानातलं नाही, काकू. मी केलंय. आमच्या चुलीवर, आईच्या गंजात."

काकूंचं हसू एकदम गेलं नाही. ते चेहऱ्यावरच राहिलं आणि त्याच्याखालचं सगळं बदललं. "अय्यो," त्या हळूच म्हणाल्या. मग, "अगं, मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही विचारलं नाही."

"हे काय विचारायचं असतं?"

"तेच तर म्हणते मी, काकू. विचारायचं नसतं." मी पुढं बोलतच राहिले. "त्यात हाड नाही, अंडं नाही. आईनं मुद्दाम काढायला लावलं, तुमच्यासाठी. साखर आहे. साखर तर तुम्ही दरवर्षी आमच्याकडून घेता. पाणी या नळाचं, तुम्हीही तेच भरता. दूध पावडर, चायना ग्रास दुकानातलं. मग यातलं काय चालत नाही, ते एकदा तोंडानं सांगा."

नळाचं पाणी एका घागरीतून वाहून जात होतं आणि कुणी घागर बाजूला करत नव्हतं. काकूंनी माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. त्यांना उत्तर माहीत होतं, मला माहीत होतं, नळावरच्या प्रत्येक बाईला माहीत होतं. पण ते तोंडानं कुणी म्हणत नाही. आजही नाही. लातूरला माझ्या इमारतीत सगळे शिकलेले, कुणी डॉक्टर, कुणी क्लासवाले, माझ्या घरचा डबा हसून घेतात आणि कामवालीला देतात. मला कळतं. मीही दरवेळी हसून दुसरा डबा पाठवते.

"कॉलेजला जाऊन लई बोलायला शिकलीस," काकू म्हणाल्या, आणि वळल्या. तेव्हा आई माझ्या बाजूनं पुढं आली आणि तिनं हाक मारली, "वैनी!" काकू थांबल्या. "पुढल्या साली ताट धाडू नका. आमचं तुमच्याकडं चालत असंल तर धाडा. न्हाई तर नको. लेकरं फराळावाचून मरत न्हाईत."

त्या दिवसानंतर त्या घरातून ताट आलं नाही. सुनंदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सासरी गेली, जाताना आमच्या दाराकडं बघून हात केला, पण आली नाही. तिचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. काकू आमच्याशी बोलायच्या थांबल्या नाहीत, पाण्याचं, पावसाचं बोलायच्या, पण भिंतीएवढं अंतर ठेवून. पुढं त्यांची बदली झाली. खूप वर्षांनी नांदेडच्या एका लग्नात भेटल्या, थकल्या होत्या. माझा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या. त्या दिवसाबद्दल माफी त्यांनी मागितली नाही आणि मीही नाही.

पण काकू येऊन गेल्या त्या दिवशी संध्याकाळी खरी धास्ती होती ती दादांची. तिकीटबाबूंनी त्यांना दुपारीच खोलीत बोलावून घेतलं होतं. दादा घरी आले, हात घासले, चुलीपाशी बसले. आईनं भाकरी वाढली. त्यांनी अर्धी खाल्ली आणि म्हणाले, "बाबू म्हणत व्हते, तुझ्या लेकीनं आमच्या घरात काय खाऊ घातलं, तुला तरी ठाव हाय का? पोरीला समजव म्हणले. नोकरी करायची असंल तर रीत संभाळून ऱ्हा म्हणले."

"मग? तुम्ही काय म्हणालात?" आईनं विचारलं.

"काय म्हणणार? जी म्हणालो."

आईनं तवा असा खाली ठेवला की भिंतीपलीकडं ऐकू गेला असेल. मी कोपऱ्यात बसून होते. मला वाटलं आता दादा मला समजावतील. त्यांनी उरलेली भाकरी संपवली, पाणी प्याले, आणि विचारलं, "पंचे, ते काय केलं व्हतंस, ते ऱ्हायलंय का?"

"आहे. परातभर."

"डब्यात भर. सकाळच्याला घेऊन चल माझ्यासंगं."

सकाळची पॅसेंजर गेल्यावर आम्ही दोघं स्टेशनच्या खोलीत गेलो. दादांनी धुतलेला सदरा घातला होता. आत स्टेशनमास्तर होते, तिकीटबाबू होते, केबिनीतला माणूस चहा पीत होता, आणि दारापाशी हुसेनचाचा, आमचे म्हातारे हमाल, बिडी विझवत होते. दादांनी माझ्या हातातून डबा घेतला, मधल्या टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. पांढऱ्या वड्यांवरची पिठीसाखर टेबलावर थोडी सांडली. ती त्यांनी पुसली नाही.

"घरचं हाय," दादा म्हणाले. "माझ्या लेकीनं केलंय, आमच्या चुलीवर. आज कुणाच्या घरात नेऊन घातलं न्हाई, हितं उघड्यावर ठेवलंय. ज्याला खायचं त्यानं खावं. ज्याला खायचं न्हाई त्यानं उगं बसावं. पण माझ्या लेकीला समजव म्हणून मला कुणी सांगू नये. ती समजलेली हाय."

दादांचं एवढं लांब बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. तिकीटबाबू खुर्चीतून अर्धे उठले. "किसन, तू कुणाशी बोलायलास, कळतंय का?"

"किसनराव म्हणा, साहेब," दादा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मी थोरला हाय तुमच्याहून."

मग दारापाशी हुसेनचाचा उठले, लुंगीला हात पुसत टेबलापाशी आले आणि म्हणाले, "लाओ बेटी, देखू तो." एक वडी उचलून तोंडात टाकली. त्यांच्या पांढऱ्या मिशांना आणखी पांढरी साखर लागली. "किसनराव," ते मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "बेटी के हाथ का जवाब नहीं." केबिनीतल्या माणसानं चहाचा कप खाली ठेवला, एक खाल्ली, मग दोन खिशात टाकल्या, लेकरांसाठी. स्टेशनमास्तर डब्याकडं बघत होते. त्यांचा हात टेबलावर थोडा पुढं आला होता. तिकीटबाबूंनी त्यांच्याकडं बघितलं आणि तो हात टेबलावरच थांबला, मग टोपी उचलून परत गेला. तिकीटबाबू तिकिटाच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. गाडी यायला खूप वेळ होता.

दादा जरा वेळ थांबले. कुणी आणखी घेत नाही असं बघून त्यांनी झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. अर्ध्याहून जास्त भरलेला होता. आम्ही रुळाच्या कडेनं घराकडं निघालो. खडी पायाखाली करकरत होती. मला रडू येत होतं, आणि ते रागाचं आहे की कशाचं ते कळत नव्हतं. दादांनी चालता चालता डबा उघडला आणि पहिल्यांदाच एक वडी खाल्ली. सावकाश, जीभ फिरवत.

"लई गोड हाय," ते म्हणाले. "उद्या डब्बल कर."

"अर्धा डबा तर परत आला, दादा."

"म्हणून तर," दादा म्हणाले, आणि झेंडे घ्यायला केबिनीकडं वळले.